सव्वा लिटर माती आणि पंधरा वर्षांची बाग
लिंबूवर्गीय रोपांच्या स्थलांतरासाठी पिशवीतील मिश्रणाची निवड व तयारी

संत्र्याची कलमे विकत घेणारा शेतकरी डोळा किती उंचीवर भरला आहे, पाने हिरवी आहेत का, फुटवा सरळ वाढला आहे का, हे बारकाईने पाहतो. भावाची घासाघीसही त्यावरच होते. कलमाबरोबर जी सव्वा-दीड लिटर माती तो आपल्या शेतात नेतो, तिच्याकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. वस्तुतः संत्रा, मोसंबी, कागदी लिंबू वा किन्नो यांच्या बागेचे पुढील पंधरा-वीस वर्षांत काय होणार, यातील मोठा भाग त्या मातीत आधीच ठरून गेलेला असतो. खत चुकले तर पुढच्या हंगामात सुधारता येते, पाणी चुकले तर पुढच्या पाळीला सावरता येते. पिशवीतून आलेला रोग बागेच्या जमिनीत एकदा उतरला की त्याला कायमचे बाहेर काढण्याचा व्यवहार्य उपाय आजही उपलब्ध नाही.

हा रोग म्हणजे फायटोप्थोरा. दिसायला बुरशीसारखा, पण खऱ्या बुरशीपेक्षा शैवालवर्गाला अधिक जवळचा असा हा सूक्ष्मजीव आहे. मध्य भारतातील लिंबूवर्गीय बागांत त्याच्या पॅरासिटिका, पाल्मिव्होरा आणि सिट्रोप्थोरा या प्रजाती प्रामुख्याने आढळतात. त्याचे चल बीजाणू मातीतील पाण्याच्या पातळ थरातून पोहत कोवळ्या मुळांपर्यंत पोहोचतात. परिस्थिती प्रतिकूल झाली की जाड कवचाचे बीजाणू तयार करून तो मातीत दीर्घकाळ निपचित पडून राहतो. रोपवाटिकेत रोज पाणी आणि वेळच्या वेळी खत मिळत असल्यामुळे निम्मी तंतुमुळे कुजलेले रोपही वरून टवटवीत दिसते. शेतात गेल्यावर चार-पाच वर्षांनी बुंध्यातून डिंक पाझरू लागतो, पाने पिवळी पडतात, शेंड्याकडून फांद्या वाळत येतात. तोवर कलम कोठून आणले होते हे घरातील कोणाला आठवतही नसते. दोष जमिनीला, पावसाला किंवा नशिबाला दिला जातो.

विदर्भात वरुड, शेंदूरजनाघाट परिसरात संत्र्याच्या रोपवाटिकेला पन्हेरी म्हणतात. पन्हेरीची जुनी रीत सरळ जमिनीवरची आहे. जंबेरी किंवा रंगपूर लाइम या खुंटांचे बी वाफ्यात पेरायचे, रोपे उपटून दुसऱ्या वाफ्यात लावायची, तेथेच डोळे भरायचे आणि विक्रीच्या वेळी रोप खणून, मुळे छाटून, चिखलात बुडवून बांधून द्यायचे. या रीतीत कौशल्य मोठे आहे आणि डोळे भरणाऱ्या कारागिरांचा हात वाखाणण्याजोगा आहे. मात्र त्याच त्या भारी काळ्या जमिनीत वर्षानुवर्षे लिंबूवर्गीय रोपेच घेतल्याने फायटोप्थोराला आणि मुळांवरील सूत्रकृमींना कायमचे घर मिळते. नागपूर येथे 1985 मध्ये राष्ट्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन केंद्र सुरू झाले. तीच आजची केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्था. या संस्थेने जमिनीपासून पूर्णपणे तोडलेल्या, पिशवीतील रोपवाटिकेचा आग्रह धरला त्यामागे हेच कारण होते. बी निर्जंतुक माध्यमाच्या ट्रेमध्ये, तेथून रोप पिशवीत, आणि पिशवी जमिनीला न टेकता, अशी ती साखळी आहे. यातील ट्रेमधून पिशवीत जाण्याचा टप्पा सर्वांत नाजूक असतो, कारण येथे रोपाची मुळे उघडी पडतात आणि प्रथमच मोठ्या प्रमाणात नव्या मातीला भेटतात.

पिशवी म्हणजे छोटे शेत नव्हे

चांगल्या शेतातील चांगली माती पिशवीत भरली की झाले, ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे. ती चुकीची का, हे समजावून सांगण्यासाठी विस्तार कार्यकर्त्यांनी सोबत एक आयताकृती स्पंज ठेवावा. स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून तळहातावर आडवा धरावा आणि ठिबकणे थांबेपर्यंत वाट पाहावी. मग तोच स्पंज न दाबता उभा करावा. पाणी पुन्हा गळू लागते. स्पंज तोच, छिद्रे तीच; बदलली ती फक्त उंची.

शेतात पाणी खाली ओढणारा मातीचा अखंड स्तंभ असतो. पिशवीत तो स्तंभ वीस-पंचवीस सेंटिमीटरवर तुटतो, आणि तळाला छिद्रे असली तरी सर्वांत खालच्या थरात पाणी अडून राहते. छिद्रांतून ते सुटत नाही, कारण मातीच्या बारीक पोकळ्या त्याला धरून ठेवतात. माती जितकी बारीक कणांची, तितका हा चिंब थर उंच. काळ्या चिकण मातीने भरलेल्या पिशवीत मुळांच्या वाट्याचा बराच भाग पाणी दिल्यानंतर दीर्घकाळ हवेविना राहतो, आणि नेमकी हीच स्थिती फायटोप्थोराच्या पोहणाऱ्या बीजाणूंना हवी असते. तळाला खडी किंवा विटांचे तुकडे घातल्याने निचरा सुधारतो, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. प्रत्यक्षात त्याने चिंब थर नाहीसा होत नाही, तो खडीच्या वर सरकतो. मुळांना मिळणारी जागा मात्र तेवढी कमी होते. उपाय तळाशी नसून संपूर्ण मिश्रणाच्या कणांच्या आकारात आहे.

माती, वाळू, शेणखत

माती, वाळू आणि शेणखत समप्रमाणात, हे या कामासाठी रूढ झालेले प्रमाण आहे. ते साधे आहे आणि बहुतेक ठिकाणी उपयोगी पडते. पण तीन घमेल्यांची नावे सांगून काम भागत नाही. प्रत्येक घमेल्यात नेमके काय आहे हे महत्त्वाचे.

माती अशा जागेची घ्यावी जेथे पूर्वी संत्रा, मोसंबी, लिंबू यांपैकी काहीही नव्हते. बागेच्या बांधावरची, जुन्या पन्हेरीच्या वाफ्यातली किंवा बागेतून पाणी वाहून येते अशा नाल्याकाठची माती कितीही सुपीक दिसली तरी वर्ज्य समजावी. पोयट्याची, हलकी ते मध्यम माती उत्तम. तेलंगण, आंध्र, कर्नाटकातील तांबडी चिकण-वाळूमिश्रित माती या कामास चांगली जुळते. विदर्भ-मराठवाड्यातील भारी काळी माती नाइलाज असेल तरच आणि कमी प्रमाणात वापरावी. चुनखडीची परीक्षा आवर्जून करावी. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकल्यावर ती जोराने फसफसली तर त्या मातीतील रोपांची कोवळी पाने लोहाअभावी पिवळी पडणार हे गृहीत धरावे. असे रोप फवारणीने तात्पुरते हिरवे करून विकताही येते. त्याचा भुर्दंड खरेदीदाराला बसतो.

वाळूच्या बाबतीत होणारी चूक अधिक सूक्ष्म आहे. बांधकामाच्या गिलाव्याची बारीक वाळू मिसळल्यास ती मातीच्या पोकळ्या मोकळ्या करण्याऐवजी भरून काढते, आणि मिश्रण वाळल्यावर विटेसारखे घट्ट होते. हवी ती अर्धा ते दोन मिलिमीटर कणांची भरड, धुतलेली वाळू. नदीची वाळू दुर्मीळ व महाग झाल्यापासून दगडाची भुकटी वापरण्याकडे कल आहे. तिच्यातील पिठूळ भाग चाळून व धुऊन काढला नाही तर तिचा परिणाम बारीक वाळूपेक्षाही वाईट होतो. भाताच्या गिरण्या जवळ असलेल्या पट्ट्यांत वाळूचा निम्मा वाटा भाताच्या तुसाने, विशेषतः राख न होऊ देता काळ्या कोळशासारख्या भाजलेल्या तुसाने भरून काढता येतो. ते हलके असते, हवा खेळती ठेवते आणि लवकर कुजत नाही. पूर्ण जळून राख झालेले तूस मात्र सामू वाढवते. आधीच विम्लधर्मी असलेल्या मातीत ते घालू नये.

शेणखत पूर्ण कुजलेले हवे हे सर्वांना माहीत असते, आणि तरीही सर्वाधिक तडजोड येथेच होते. अर्धवट कुजलेल्या खतातून अमोनिया सुटतो, हुमणी आणि वाळवी येते, तणांचे बी येते, आणि पिशवीत कुजण्याची क्रिया चालू राहिल्याने मिश्रण महिन्याभरात चार-पाच सेंटिमीटर खाली बसते. एक मूठ ओलसर खत प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस सावलीत ठेवावे. उघडल्यावर आंबट किंवा डोळ्यांत झोंबणारा वास आला तर खत तयार नाही. ओल्या मातीसारखा वास आला तर ते वापरण्याजोगे आहे.

माती टाळून केवळ कोकोपीटवर आधारित माध्यम वापरण्याचा पर्यायही आता रुळला आहे. भाजीपाल्याच्या प्रो-ट्रेमध्ये त्याने मोठा बदल घडवला, यात शंका नाही. पिशवीचे वजन निम्म्याहून कमी होते, वाहतूक स्वस्त पडते आणि जमिनीतील रोग येण्याची वाट बंद होते. पण कोकोपीट म्हणजे आपोआप शुद्ध माध्यम, हा भ्रम आहे. केरळच्या किनाऱ्यालगत नारळाची सोडणे खाऱ्या पाण्यात भिजवली जातात. त्या काथ्याचा भुसा मीठ घेऊनच येतो, आणि लिंबूवर्गीय रोपे मिठाच्या बाबतीत अतिशय हळवी असतात. असा भुसा गोड्या पाण्याने वारंवार धुवावा लागतो. शिवाय त्याच्या कणांना चिकटलेले सोडियम व पोटॅशियम केवळ धुण्याने निघत नाहीत; कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवून त्यांच्या जागी कॅल्शियम बसवावे लागते. न कुजवलेल्या भुशात नत्राच्या मानाने कर्ब शंभरपटींहून अधिक असतो, त्यामुळे सूक्ष्मजीव रोपाच्या वाट्याचे नत्र स्वतःच वापरून टाकतात. बंगळुरूजवळ हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने कच्चा भुसा निवडक बुरशींच्या साह्याने आंबवून ‘अर्का फर्मेंटेड कोकोपीट’ विकसित केले ते ही अडचण दूर करण्यासाठीच. ज्या रोपवाटिकेत स्वच्छ पाणी आणि पाण्यातून नियमित खत देण्याची सोय आहे, तिने कोकोपीटचा मार्ग जरूर धरावा. जेथे पाणी जड आहे, वीज बेभरवशाची आहे आणि खत हाताने द्यावे लागते, तेथे निर्जंतुक केलेले मातीमिश्रण चुका अधिक सोसते.

हिशेब

साडेबारा सेंटिमीटर रुंद व तीस सेंटिमीटर उंच पिशवी भरल्यावर तिचा व्यास सुमारे आठ सेंटिमीटर होतो, आणि पंचवीस सेंटिमीटरपर्यंत भरल्यास तिच्यात सुमारे सव्वा लिटर मिश्रण मावते. दहा हजार पिशव्यांना साडेबारा घनमीटर, म्हणजे जवळजवळ साडेचार ब्रास मिश्रण लागते. येथे अनेकांचा हिशेब चुकतो, कारण एक घमेले माती, एक घमेले वाळू आणि एक घमेले खत मिळून तीन घमेली होत नाहीत. बारीक कण भरड कणांच्या पोकळीत शिरतात आणि घनफळ पंधरा-वीस टक्क्यांनी आटते. म्हणून माती, वाळू, खत प्रत्येकी पावणेदोन ब्रास आणावे लागते. तिन्ही घटक आधी वेगवेगळे चाळावेत. माती व खतासाठी साधारण पाच-सहा मिलिमीटरची चाळण पुरे. मिसळताना ते हलके ओलसर असावेत. कोरडे मिसळल्यास वाळू खाली बसते आणि निम्म्या पिशव्यांत एक मिश्रण, निम्म्यांत दुसरेच, अशी स्थिती होते.

उन्हाचा उपयोग

मिश्रणातील रोगजंतू मारण्यासाठी एकेकाळी मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिली जाई. ओझोनच्या थराला घातक ठरल्याने माँट्रियल करारानुसार तिचा असा वापर जगभर टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आला. त्याआधीच, 1976 मध्ये इस्रायलच्या जेकब काटान व सहकाऱ्यांनी पारदर्शक प्लॅस्टिकखाली उन्हाने माती तापवून रोगजंतू नष्ट करण्याची पद्धत मांडली होती. चाळीस-पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा सोसणाऱ्या प्रदेशांसाठी ती अत्यंत सोयीची आहे. विदर्भातील मे महिन्याबद्दल चांगले बोलण्याजोगे फार थोडे असते. हे त्यांपैकी एक.

पद्धत साधी असली तरी तिच्यातील चार गोष्टींकडे दुर्लक्ष झाले की सारा खटाटोप वाया जातो. पहिली म्हणजे थराची जाडी. ढीग करून त्यावर कागद टाकल्यास वरचा थर तापतो आणि पोटातील माती थंड राहते. सिमेंटच्या खळ्यावर किंवा खाली जाड प्लॅस्टिक अंथरून मिश्रण जास्तीत जास्त वीस सेंटिमीटर जाडीने पसरावे. दहा हजार पिशव्यांच्या मिश्रणाला त्यासाठी सुमारे सातशे चौरस फूट जागा लागते. उघड्या जमिनीवर पसरल्यास खालच्या मातीतील जंतू वाचतात आणि उचलताना फावड्याबरोबर वर येतात. दुसरी गोष्ट ओल. कोरड्या मातीत उष्णता खोल जात नाही आणि निपचित बीजाणू ती सहज सोसतात. मिश्रणाला वाफसा असावा. मूठ आवळल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये.

तिसरी गोष्ट कागदाची. तो पारदर्शकच हवा. काळा कागद हाताला अधिक तापलेला लागतो म्हणून अनेक जण तोच वापरतात. परंतु तो ऊन स्वतःमध्ये शोषून घेतो, माती कमी तापते. पंचवीस ते पन्नास मायक्रॉनचा पातळ कागद अधिक परिणामकारक असतो, पण वाऱ्याने फाटतो. वावटळी येणाऱ्या ठिकाणी शंभर मायक्रॉनचा घ्यावा. कडा मातीने सर्व बाजूंनी गाडाव्यात. कागद मिश्रणाला चिकटून राहील असा ताणावा आणि फाटला की लगेच चिकटपट्टी लावावी. टाचणीएवढ्या भोकातूनही वाफ निघून जाते. चौथी गोष्ट कालावधी. एप्रिल-मे मधील निरभ्र उन्हाचे किमान चार, शक्यतो सहा आठवडे द्यावेत, आणि एकदा मध्येच मिश्रण पलटून, पुन्हा ओलवून झाकावे.

काम झाले की नाही हे कॅलेंडरवरून ठरवू नये. मातीत खुपसण्याचा तापमापक थोड्या पैशांत मिळतो. तो थराच्या तळाशी, कडेपासून आत, दुपारी तीन-चारच्या सुमारास लावून पाहावा. मारक परिणाम तापमान आणि वेळ या दोहोंवर अवलंबून असतो. कॅलिफोर्नियात रोपवाटिकेच्या मातीसाठी वर व खाली दोन्हीकडे प्लॅस्टिक घेऊन सत्तर अंशांवर अर्धा तास किंवा साठ अंशांवर एक तास, असा निकष ठेवलेला आहे. पातळ थरात, दुहेरी कागदाखाली ही पातळी गाठता येते. जाड थरात तापमान पंचेचाळीस-पन्नासच्या आसपास राहते. तेथे रोजचे काही तास अनेक आठवडे जमा व्हावे लागतात.

आसाम-मेघालयात एप्रिलपासूनच ढग आणि पाऊस असतो. तेथील खासी संत्र्याच्या रोपवाटिकांनी सूर्यावर भिस्त न ठेवता वाफेचा वापर करावा. दोनशे लिटरच्या पिंपात तळाशी पाणी, त्यावर छिद्रांची पत्र्याची चाळण आणि वर ओलसर मिश्रण, खाली मंद जाळ, एवढ्यावर काम होते. साठ ते सत्तर अंशांवर अर्धा तास पुरेसा आहे. जास्त उकळले तर अधिक शुद्ध होईल, या समजुतीने माती तासन्‌तास शिजवल्यास अमोनिया साठतो आणि मँगनीज विरघळून रोपांना विषारी ठरते. ईशान्येकडील आम्ल मातीत हा धोका विशेष.

रिकामे घर

तापवलेली माती म्हणजे रिकामे घर. त्यात जो प्रथम शिरेल त्याचे राज्य. म्हणून कागद काढल्यावर मिश्रण उघडे न ठेवता लगेच उपयुक्त जीवाणूंची सोय करावी. शंभर किलो शेणखतात एक किलो ट्रायकोडर्मा मिसळून, ओलसर ठेवून, गोणपाटाखाली सावलीत दहा-पंधरा दिवस वाढवतात आणि मग मिश्रणात घालतात. यासाठीचे खतही त्याच कागदाखाली तापवून बाजूला काढलेले असावे, नाहीतर तणांचे बी आणि हुमणीची अंडी मागच्या दाराने परत येतात.

ट्रायकोडर्माविषयी आता बहुतेकांना माहिती आहे. मायकोरायझाविषयी मात्र फार कमी बोलले जाते. लिंबूवर्गीय झाडांना मुळांवरील केशमुळे अतिशय विरळ असतात, आणि स्फुरद व जस्त उचलण्यासाठी ती या सहजीवी बुरशीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतात. अमेरिकेत धुरी दिलेल्या मातीतील लिंबूवर्गीय रोपे कारण नसताना खुजी राहत. मातीत विषारी अंश उरला असावा, असा तर्क बराच काळ केला गेला. 1972 मध्ये क्लाइनश्मिट व गर्डेमान या संशोधकांनी दाखवून दिले की खरे कारण रोगजंतूंबरोबर मेलेली मायकोरायझा हे होते. ऊन देऊन तापवलेल्या मातीत तिची हानी धुरीइतकी होत नाही. तरीही रोप पिशवीत लावताना मुळांच्या खालीच चिमूटभर मायकोरायझा संवर्धक घालणे शहाणपणाचे. मिश्रणात सुपर फॉस्फेटचा मारा केला तर ही बुरशी मुळांत शिरतच नाही, हेही लक्षात ठेवावे. दोन्ही एकदम करून दोन्हींचे पैसे वाया घालवणाऱ्या रोपवाटिका कमी नाहीत.

भरण्यापूर्वीच्या परीक्षा

सर्व पिशव्या भरण्याआधी मिश्रणाच्या तीन परीक्षा घ्याव्यात. त्यांना मिळून अर्धा दिवस आणि थोडी वाट पाहणे, एवढेच लागते.

निचऱ्यासाठी तीन इंची पीव्हीसी पाइपाचा पिशवीएवढ्याच, म्हणजे पंचवीस सेंटिमीटर उंचीचा तुकडा घ्यावा; तळाला टोपण लावून त्यास छिद्र पाडावे. छिद्र बंद करून पाइपात किती पाणी मावते ते मोजावे. मग तो रिकामा करून मिश्रणाने भरावा, पृष्ठभाग चमकेपर्यंत हळूहळू पाणी ओतावे, तासभर मुरू द्यावे आणि छिद्र उघडून गळणारे पाणी मोजावे. एकूण घनफळ एक लिटर असेल आणि दीडशे मिलिलिटर पाणी गळाले तर हवेची पोकळी पंधरा टक्के आहे. हे समाधानकारक समजावे. शंभर मिलिलिटरपेक्षा कमी गळाले तर भरड वाळू किंवा तूस वाढवावे. परीक्षा बुटक्या डब्यात घेऊ नये. स्पंजाने दाखवल्याप्रमाणे उंची बदलली की उत्तर बदलते.

क्षारांसाठी एक माप मिश्रण आणि दोन मापे शुद्ध पाणी ढवळून अर्ध्या तासाने विद्युत वाहकता मोजावी. कोवळ्या रोपांसाठी ती 0.75 डेसिसायमन प्रति मीटरच्या आत असावी. त्याच द्रावणाचा सामू साडेपाच ते सातच्या दरम्यान असावा. वाहकता जास्त निघाल्यास दोष बहुधा खताचा असतो. खताचे प्रमाण घटवण्यापेक्षा खत बदलणे चांगले.

तिसरी परीक्षा घरातल्या अळिवाची. पसरट भांड्यात मिश्रण आणि दुसऱ्यात नुसती धुतलेली वाळू घेऊन दोन्हींत मोजून पन्नास-पन्नास दाणे टाकावेत. चार-पाच दिवसांत उगवण व मुळांची लांबी यांत डोळ्यांना दिसण्याजोगा फरक पडला, मुळांची टोके तपकिरी झाली, तर मिश्रणात काहीतरी घातक आहे. प्रयोगशाळेचा अहवाल येण्याआधी अळीव उत्तर देते.

स्थलांतराचा दिवस

हिवाळ्यात पेरलेली खुंटरोपे पावसाळ्याच्या तोंडाशी बारा-पंधरा सेंटिमीटरची होऊन पिशवीत जाण्याजोगी होतात. म्हणूनच मिश्रणाची तयारी एप्रिलमध्ये सुरू व्हावी लागते. ट्रेमधून काढलेल्या प्रत्येक रोपाचे मूळ पाहावे. जंबेरी व रंगपूर लाइमच्या एका बियातून अनेक रोपे येतात, त्यांतील बहुतेक मातृवृक्षासारखीच असतात. फार ठेंगणी, फार उंच किंवा वेगळ्या पानांची रोपे काढून टाकावीत. सोटमूळ आकड्यासारखे वाकलेले रोपही काढावे. पिशवीत ते वाढेल, डोळाही धरेल, पण दहा वर्षांनी वादळात तेच झाड आडवे होईल. शंभरांतील वीस-पंचवीस रोपे फेकावी लागणे हे पन्हेरीवाल्याला जिवावर येते, आणि ते साहजिकही आहे.

मिश्रण भरताना पिशवी दोन-तीनदा जमिनीवर आपटून बसवावी, अंगठ्याने दाबून ठासू नये. मध्ये काठीने सोटमुळाइतके खोल छिद्र पाडून मूळ सरळ सोडावे. लांब असेल तर टोक कापावे, पण दुमडू नये. रोप ट्रेमध्ये जेवढे खोल होते तेवढेच पिशवीत ठेवावे. खोडाचा पाया मातीत गाडला गेला की फायटोप्थोराला सालीतून शिरण्याची वाट मिळते. पहिले पाणी भरपूर द्यावे. नंतर वरचा थर सुकू लागल्याशिवाय पुढचे नको. पहिले दोन-तीन आठवडे पन्नास टक्के सावलीची जाळी पुरते.

इतके करून पिशव्या उघड्या मातीवर मांडल्या तर सर्व श्रम एका पावसात जातात. त्या बाकांवर किंवा जाड खडीच्या थरावर असाव्यात. पाण्याच्या नळीचे तोंड जमिनीवर पडू देऊ नये. बागेतून वाहून आलेले पाणी साठणाऱ्या उघड्या विहिरीपेक्षा कूपनलिकेचे पाणी सुरक्षित. मात्र ते जड असेल तर त्यातील बायकार्बोनेटमुळे मिश्रणाचा सामू महिन्यांगणिक चढत जातो, म्हणून दर दोन महिन्यांनी काही पिशव्यांचा सामू पुन्हा मोजावा.

शेवटचा अडथळा शेतात येतो. भरड, सच्छिद्र मिश्रणाचा गोळा भारी काळ्या जमिनीतील खड्ड्यात बसवला की तो खड्डा हौदासारखे वागतो. भोवतालच्या मातीतून न मुरलेले पाणी त्यात येऊन साठते. अशा जमिनीत रोप सपाट न लावता उंच गादीवाफ्यावर लावावे. हलक्या जमिनीत उलट घडते. कोकोपीटचा गोळा भोवतालच्या मातीआधी सुकतो आणि एकदा पूर्ण सुकला की पाणी सहज घेत नाही, म्हणून पहिला महिनाभर ठिबकची तोटी थेट गोळ्यावरच ठेवावी आणि मग हळूहळू बाहेर सरकवावी. पिशवी ब्लेडने उभी चिरून पूर्ण काढावी, खड्ड्यात राहू देऊ नये. गोळ्याचा वरचा पृष्ठभाग जमिनीपेक्षा दोन बोटे उंच आणि डोळ्याचा सांधा मातीपासून किमान एक वीत वर राहील, अशा बेताने माती लोटावी.